फुगलेल्या नदीत वजन कशासाठी बांधायचं? टे नदीचा सॅमन आणि आपली तापी

तापीकाठ | ९ जून, रात्री १०:१२

मंडळी, हा विषय वर्षभर डोक्यात आहे. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आता लिहूनच टाकतो.

मागच्या श्रावणात मुडावदला पांझरा-तापीच्या संगमावर उभा होतो. दोन्ही नद्या भरून, पाणी चहाच्या रंगाचं. शेजारी दोन पोरं गळ टाकत होती. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याला, मोटारसायकलच्या चेन स्प्रॉकेटचा अर्धा तुकडा बांधलेला आणि तो गरगर फिरवून जमेल तितक्या लांब, पार मधल्या धारेत फेकायचा. तिसऱ्या फेकीला लोखंड दगडात अडकलं, ओढाताण झाली आणि गळ, आमिष, वीस-पंचवीस हात तंगूस सगळं नदीत राहिलं. पोरं हिरमुसून घरी गेली. मासा त्यांच्या पायाशी होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तिथे असण्याचीच शक्यता जास्त होती.

हे मला शिकायला स्कॉटलंडला जावं लागलं. नोकरीसाठी पाच वर्षं पर्थला होतो. गावाला लागूनच टे नदी. आपली तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर, टे दोनशेसुद्धा भरत नाही. पण ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त पाणी वाहून नेणारी नदी तीच. सॅमनचा हंगाम तिथे १५ जानेवारीला उघडतो आणि १५ ऑक्टोबरला बंद होतो. आपल्याकडे पूर आषाढ-श्रावणाचा, तिथे वरच्या डोंगरातलं बर्फ वितळलं आणि त्यात पाऊस पडला की फेब्रुवारी ते एप्रिल नदी फुगलेली. हात बधिर करणारं पाणी, चार-पाच अंशांचं.

सॅमन म्हणजे आपल्या भाषेत चढणीचा मासा. जन्मतो नदीत, एक ते चार वर्षांचा झाला की समुद्रात जातो, ग्रीनलंड-फेरोच्या बाजूला खाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत आपल्याच नदीत येतो. अंडी घालतो हिवाळ्याच्या तोंडाला. पण वसंतातला मासा सात-आठ महिने आधीच नदीत शिरतो आणि तेवढे महिने काही खात नाही. समुद्रात साठवलेल्या चरबीवर जगतो. आता ज्याला इतके महिने उपाशी काढायचेत, तो मधल्या धारेशी झुंजत उभा राहील का? नदी फुगली की तो काठाला सरकतो. मोठ्या खडकाच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या अंगाला, डोहाच्या शेपटाला, जिथे धार मंदावते तिथे. पुष्कळदा आपण उभे असतो तिथून दहा-पंधरा फुटांवर.

तेव्हा वजन लांब फेकण्यासाठी नाही. वजन असतं आमिष हळू चालावं म्हणून. एवढंच सांगायला धागा काढला आहे. बाकीचं विचाराल तसं सांगतो.

---

अनेरवाला | ९ जून, रात्री ११:०५

दादा, वजन वाढवलं की आमिष हळू कसं चालेल? जड वस्तू लवकर बुडते एवढं माहिती आहे. नीट सांगा. आणि घरी काय काय बनवायचे तेही सांगा.

---

तापीकाठ | १० जून, सकाळी ७:४०

अनेरवाला भाऊ, नदीत आडवं फेका, थोडं खालच्या अंगाला. तंगूस ताणात ठेवा. आता प्रवाह आमिषाला कमानीसारखं फिरवत आपल्याच काठाकडे आणतो. वजन नसेल तर पाणी त्याला वर उचलतं आणि झपकन काठाला आणून टाकतं. गार पाण्यातला सॅमन त्यामागे धावत नाही. त्याच्या नाकासमोरून, तळापासून वीतभर वर, रेंगाळत जाणारी वस्तू असली तरच तो तोंड उघडतो. भुकेने नव्हे, चिडून म्हणा किंवा जुन्या सवयीने. वजन तळाला टेकत-उचलत चालतं आणि ते आमिषाला घाई करू देत नाही.

हाताला काय जाणवलं पाहिजे ते सांगतो, कारण सगळं कसब तिथे आहे. टक्... टक्... टक्. दोन-तीन सेकंदांनी एक टिचकी. टिचकी येतच नाही, वजन कमी आहे. वजन एका जागी बसलं, जास्त आहे. टिचकी चालू असताना मधेच थांबली, तर काठीचं टोक हळूच उचलायचं. दगड असेल तर सुटतो, मासा असेल तर तो आपणच कळवतो.

मी बांधायचो ते असं: मुख्य तंगूस वीस पौंडाचं, म्हणजे तेवढा ताण सोसणारं. त्याच्या टोकाला तीन कड्यांची भवरी, म्हणजे गरगर फिरणारी जोडकडी. एका कड्याला पाऊण ते एक मीटर तंगूस, त्याच्या शेवटी आमिष. तिसऱ्या कड्याला वीतभर तंगूस आणि त्याला वजन. हे वीतभर तंगूस कच्चं हवं, सहा पौंडाचं. वजन कपारीत अडकलं की तेवढंच तुटतं. आमिष परत येतं, आणि मासा लागलेला असेल तर तो लोखंड ओढत फिरत नाही. त्या पोरांनी वजन मुख्य दोऱ्यालाच बांधलं होतं, म्हणून सगळं गेलं.

आमिष लाकडी. तिकडे त्याला डेव्हन म्हणतात: करंगळीएवढी पोकळ मासोळी, दोन बाजूंना दोन पंख, पाण्यात गोल फिरते. लाकूड का, तर वजन खाली तळ चाचपत असतं आणि मासोळी हलकी असल्यामुळे वर तरंगत चालते, दगडात शिरत नाही. पितळी असली तर तीही तळाला जाईल आणि अडकेल.

---

भोईवाडा | १० जून, दुपारी १:२२

भाऊ, मन्हा आजा सांगे, "मझार पानी पयस, काठले पानी बठस." म्हणजे मधे पाणी पळतं, काठाला पाणी बसतं. पूर उना का मासा काठले येस, हाई आमना घरमा बठ्ठासले माहीत शे.

आजा पुरात पाग घेऊन कधीच खोल उतरायचा नाही. काठाच्या बुडालेल्या बाभळी बघायचा. बाभळीच्या खालच्या अंगाला पाणी उलटं फिरतं, तिथे पाग टाकायचा. पागाच्या घेराला लावलेल्या गोळ्यांचंही तेच. गोळ्या जास्त झाल्या तर जाळं उघडण्याआधी बुडतं, कमी झाल्या तर तळ सोडतं आणि मासा खालून निसटतो. तुम्ही परदेशात शिकलात ते चांगलंच, पण तापीवर हे पिढ्यान्‌पिढ्या आहे, एवढी नोंद असू द्या.

---

तापीकाठ | १० जून, दुपारी २:०३

आबा, नोंद नाही, हा तर पाया आहे. "काठले पानी बठस" याहून नेमकं मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही. धाग्याचं नाव बदलता आलं असतं तर हेच ठेवलं असतं.

---

सातपुडा_पायवाट | १० जून, रात्री ९:३०

एक शंका. सॅमन म्हणजे आपला रावस ना? मुंबईच्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात.

आणि दुसरं, थंड पाण्यात मासा सुस्त असतो म्हणून हळू, हे पटलं. पण आपली तापी ऑगस्टमध्ये गरम असते. मासा चपळ असतो. मग तुमचं कारण इथे लागू कसं?

---

तापीकाठ | ११ जून, सकाळी ६:५५

रावस वेगळा. तो खाडी-समुद्रातला, छातीशी धाग्यांसारखे लांब काटे असणारा. सॅमनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही, नाव फक्त बाजाराने दिलं. सॅमनशी वागण्यात साम्य शोधायचं तर हिलसा घ्या. तीही समुद्रातून नदीत चढते, नर्मदेत भरूचकडे पावसाळ्यात.

दुसरा मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता. तिकडे लोक साधारण दहा अंशांची रेघ धरतात. पाणी त्याच्या खाली, तर मोठं आमिष, खोल आणि हळू. वर गेलं, तर लहान आमिष आणि पाण्याच्या वरच्या थरात. तापी त्या रेघेच्या कितीतरी वर असते. इथे हळू चालवायचं कारण गढूळपणा. शिवड्याला पुराच्या पाण्यात डोळ्यांनी फार दिसत नाही. तो मिशांनी आणि अंगावरच्या रेषेने पाण्यातली थरथर टिपतो. आमिष भुर्रकन गेलं तर त्याला ते सापडतच नाही. मासा सुस्त म्हणून तिथे हळू, मासा आंधळेपणाने शोधतोय म्हणून इथे हळू.

रंगाचंही तसंच. टेवर गढूळ पाण्यात काळी पाठ आणि पिवळं पोट हा जुना भरवशाचा जोड. इथेही मी तोच वापरतो.

---

चोपडा_गॅरेज | ११ जून, रात्री ८:१५

वजनासाठी जुन्या बॅटरीतलं शिसं आमच्याकडे पडून असतं. वितळवून ओतायला कितीसा वेळ? कुणाला हवं असेल तर करून देतो.

---

तापीकाठ | ११ जून, रात्री ८:५०

भाऊ, हात जोडून सांगतो, बॅटरीचं शिसं वितळवू नका. त्यात आम्ल मुरलेलं असतं आणि इतर विषारी धातूही मिसळलेले असतात. तो धूर फार वाईट.

साध्या शिशाचंही माझ्यासोबत घडलेलं सांगतो. पर्थच्या घरामागे, गॅसच्या छोट्या शेगडीवर शिसं वितळवलं. ते ३२७ अंशांना वितळतं, फार कठीण नाही. साचा म्हणून कुंडीत वाळू घेतली आणि अंगठ्याने खळगा केला. वाळू हाताला कोरडी लागत होती. आत ओल होती. शिसं ओतलं त्या क्षणी खाली वाफ झाली आणि कुंडीतून फटाक्यासारखं उडालं. डाव्या मनगटावर तीन ठिपके आजही आहेत. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. त्या दिवसापासून शिसं सोडलं.

आणि शिसं नदीत तुटून राहतंच ना. इंग्लंड-वेल्समध्ये १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं जवळपास पूर्ण बंद आहेत, कारण हंस ती खड्यांसारखी गिळून मरत होते. आपल्या हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात किती बदकं उतरतात ते इथल्या पक्षीवाल्यांना विचारा.

तुमच्या गॅरेजात याहून चांगला माल आहे. नट आणि जुने स्पार्क प्लग. हिशेब बघा. पाण्यात प्रत्येक वस्तू आपल्या आकाराइतक्या पाण्याचं वजन गमावते. ४५ ग्रॅम शिसं पाण्यात ४१ ग्रॅम भरतं. तेवढंच वजन मिळवायला लोखंड ४७ ग्रॅम लागतं. फक्त दोन ग्रॅमचा फरक! १६ एमएमचा एक नट साधारण ३३ ग्रॅम, १२ चा १७. जुना स्पार्क प्लग चाळीस-पन्नासच्या घरात, लांबट असल्यामुळे कपारीत कमी अडकतो. खालचं टोक ठोकून बंद करा आणि मानेला तंगूस बांधा.

---

चोपडा_गॅरेज | ११ जून, रात्री ९:२०

मनगटाचं वाचून अंगावर काटा आला. शिसं रद्द. प्लग रोज डबाभर निघतात, ज्यांना हवेत त्यांनी घेऊन जावेत, पैसे नकोत.

---

पांझराकाठी | १२ जून, सकाळी ११:१०

नदीतलाच काळा दगड वापरला तर? तुटला तरी नदीचं नदीत.

---

तापीकाठ | १२ जून, दुपारी १२:३०

सगळ्यात उत्तम, ताई. फक्त आपला काळा पाषाण पाण्यात जवळजवळ एक तृतीयांश वजन गमावतो. म्हणजे ४५ ग्रॅम शिशाच्या जागी साठ-पासष्ट ग्रॅमचा दगड. आकार मोठा, त्यामुळे पाणीही त्याला जास्त ढकलतं, तेव्हा सत्तर धरा. मी लांबोडके, गुळगुळीत दगड निवडतो आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापून त्यात घट्ट बसवतो. रबराला भोक पाडून कच्चं तंगूस. दगड अडकला तर पुष्कळदा तो रबरातून निसटतो आणि तंगूससुद्धा वाचतं. रबर मात्र घरी आणायचं, काठावर टाकायचं नाही.

मासोळीचंही लिहितो. पांगाऱ्याची वाळलेली फांदी घ्या, लाकूड हलकं असतं. अडीच इंचाचा तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता. मधलं भोक पाडायला सायकलचा स्पोक चुलीत लाल करा आणि एका बाजूने अर्ध्यापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने गेलात तर भोक तिरकं होतं आणि मासोळी फिरण्याऐवजी लडखडते. माझ्या पहिल्या सहा अशाच गेल्या. पंख गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचे, नखाएवढे, डोक्याजवळ खाच करून बसवलेले, एक इकडे वळलेला, दुसरा तिकडे. रंगावर दोन हात व्हार्निश. भोकातून तंगूस ओवून खाली एक मणी आणि मग तीन तोंडांचा गळ, गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकलेले. मासा लागला की लाकूड तंगुसावरून वर सरकतं, त्यामुळे माशाला झटका देऊन गळ सोडवायला आधार मिळत नाही.

बादलीत सोडून बघा. गळासकट तरंगली किंवा अगदी सावकाश बुडाली, तर जमली.

---

गोमाई | १२ जून, रात्री १०:४५

धागा मनापासून वाचला. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्हीच म्हणता चढणीचा मासा. आमच्या शहाद्याकडे पहिल्या पुरात ओढ्यांवर जाळी, काठ्या, कोयते घेऊन माणसं उभी असतात. पोटं गाबोळीने भरलेली असतात. एक मासा मारला की हजारो पिल्लं गेली. लहानपणी ओढ्यात जे मासे बघितले ते माझ्या मुलांना दिसत नाहीत. गळ कसा बांधायचा हे शिकवताना, केव्हा बांधू नये हेही सांगायला नको का?

---

तापीकाठ | १३ जून, सकाळी ८:३०

गोमाईताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

टेवरची माझी पहिली सॅमन सांगतो. मार्चचा पहिला आठवडा, तीन दिवस नदी वर चढत होती आणि त्या दिवशी उतरू लागली होती. टिचकी थांबली, काठी उचलली, पलीकडे जिवंत वजन. दहा मिनिटांनी काठाशी आली ती लांब, पण पोट पाठीला लागलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं वाटावं अशी. कल्ले उघडून पाहिले तर आत पांढऱ्या तांदळासारखे परजीवी चिकटलेले. ती हिवाळ्यात अंडी घालून रिकामी झालेली, समुद्राकडे परत निघालेली मादी होती. बहुतेक सॅमन अंडी घातल्यावर मरतात. जी थोडी जगतात, त्यांतली ही. शेजारी नेहमी मासे धरणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते गुडघाभर पाण्यात उतरले, तिला शेपटीजवळ धरून तोंड प्रवाहाकडे केलं आणि ती स्वतः हातातून सुटेपर्यंत तसेच उभे राहिले. पाच-सात मिनिटं. एवढ्या गार पाण्यात. मी मोबाइल काढला होता, तो परत खिशात ठेवला.

कायदाही तसाच आहे. २०१५ पासून स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलच्या आधी धरलेली प्रत्येक सॅमन सोडावीच लागते. रविवारी सॅमनला गळ टाकायचाच नाही, ती तर फार जुनी बंदी. त्याच टे नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ६४ पौंडांची सॅमन फिरत्या आमिषावर धरली, ब्रिटनमधला गळाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. आणि २०२३ मध्ये त्याच ब्रिटनच्या सॅमनची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. टेच्या खोऱ्यात पिटलॉक्रीला धरण आहे, तिथे माशांना वर जायला ३४ टाक्यांचा जिना बांधलाय. एवढं करूनही मासा घटतोय. आपल्या तापीवर हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि खाली उकाई, एवढे अडथळे ओलांडून मासा किती चढणार?

म्हणून मी पहिल्या पुरात गळ काढतच नाही. पोळ्यानंतर, पाणी उतरायला लागल्यावर. गाबोळीचा मासा लागला तर सोडतो. अनेरच्या अभयारण्याच्या हद्दीत अजिबात नाही. धरणांचं पाणी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेलं असतं, तिथे त्यांना विचारल्याशिवाय नाही, त्यांचं पोट त्यावर आहे.

---

भोईवाडा | १३ जून, सकाळी ९:१२

शेवटलं वाक्य लिखं, बरं करं भाऊ. आमचे लोकही आता मान्य करतात, पहिल्या पुराचा मासा सोडला पाहिजे. आजा सोडायचाच.

---

पांझराकाठी | १३ जून, दुपारी ४:००

काठावर उभं राहण्याचंही सांगा. आमच्या गावचा एक मुलगा पुरात गेला. त्याला पोहता येत होतं.

---

तापीकाठ | १३ जून, संध्याकाळी ६:२०

ताई, ऐकून वाईट वाटलं.

मासा पायाशीच असेल तर पाण्यात उतरायचं कारणच नाही. काठापासून दोन पावलं मागे उभं राहायचं. त्याने मासाही बुजत नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. इशारा निघतो, पण काठावरच्या माणसापर्यंत तो वेळेत येईल याच्या भरवशावर राहायचं नाही. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेवर एक काडी खोचा. दर दहा मिनिटांनी बघा. काडी बुडू लागली, तर सामान आवरायचं आणि वर यायचं. चढत्या पाण्यात मासा प्रवासाला लागलेला असतो, गळाकडे बघतही नाही, तेव्हा थांबून उपयोगही नसतो. उतरत्या पाण्यात तो कुठेतरी थांबतो. तीच वेळ. एकट्याने जायचं नाही, अंधार पडायच्या आत घरी.

---

अनेरवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९:४८

धागा वर आणतोय. पोळा झाला, आज पहिल्यांदा गेलो. अभयारण्यापासून खूप खाली, तापीच्या अलीकडे. सोबत भाचा होता.

चोपड्याचे प्लग सहा, ट्यूबमधले दगड दहा. पहिल्या तासात टिचकी काही येईना. दगड बदलत गेलो, सत्तरवर आल्यावर लागली. टक्, टक्. खरं सांगतो, काही न लागताही ती टिचकी ऐकत दोन तास उभं राहता येतं. चार दगड आणि एक प्लग नदीला दिला, मासोळी प्रत्येक वेळी परत आली.

मग फेरी संपून मासोळी खाली काठाच्या गवताशी येऊन नुसती लटकत होती, मी भाच्याशी बोलत होतो, आणि काठी वाकली. शिवडा, हाताएवढा. पोट सपाट होतं, गाबोळी नव्हती, तरी भाचा म्हणाला सोडू या, तर सोडला.

माझ्या बुटापासून किती लांब असेल? काठी आठ फुटांची, त्याहून कमी.

---

तापीकाठ | १४ सप्टेंबर, रात्री १०:०१

वा भाऊ! लटकतानाच लागतो पुष्कळदा, म्हणून फेरी संपली तरी लगेच गुंडाळायचं नाही, वीस आकडे मोजायचे. काडी खोचली होती का?

---

अनेरवाला | १४ सप्टेंबर, रात्री १०:०४

हो. गेलो तेव्हा पाण्याच्या रेषेवर होती. शिवडा लागला तेव्हा चार बोटं कोरडी.